एका अंगाला बसलेली गादी

१

हे सांगायचं नाही, असं ठरलं होतं. आत्याने मला शपथ घातली नव्हती; ती शपथांवर विश्वास ठेवत नाही. कात्रीच्या पात्यावर बोट फिरवत ती एवढंच म्हणाली होती, "लोकांना सांगितलंस ना, की लोक कारणं घेऊन येतात. वाटीवाटीने आणून देतात शेजाऱ्यांसारखी. आपल्याला नकोत कुणाची कारणं."

मी फारशी बोलत नाही, त्यामुळे गप्प राहणं मला जड जायला नको होतं. पण न बोलणाऱ्याच्या पोटात गोष्टी फार दिवस राहतात आणि मग आतून टोचायला लागतात. म्हणून लिहिते आहे. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

गोष्ट आत्याची आहे. तिनेही ती मला सलग कधी सांगितली नाही. शिवणाचं मशीन चालू असेल तेव्हा बोलायची, टाका थांबला की थांबायची. मधले तुकडे मी पाहिलेले आहेत. दोन्ही जोडून लिहिते.

आमचं गाड्यांच्या सीटा शिवण्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. बाबा सांगाडे आणि फोम बघतात, त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, कापते आणि शिवते. बसलेल्या गादीवरून हात फिरवून माणूस ओळखणं हा आत्याचा हातखंडा. हा पाकीट मागच्या खिशात ठेवतो, ह्याचा उजवा गुडघा दुखतो, ही बाई गाडीत बसून रडते बहुतेक, कारण पाठ टेकल्याची खूणच नाही. गिऱ्हाईक तोंडात बोटं घालतं.

माझ्या आईची गादी तर तिने डोळे मिटून ओळखली असती. आई ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कधी सरळ बसली नाही. एक पाय दुमडून अंगाखाली घ्यायची आणि दाराला रेलायची. त्यामुळे गादी दाराकडच्या अंगाला खोल गेली होती.

"वहिनी, नीट बस गं," आत्या म्हणायची. "सीटवाल्याच्या बायकोची सीट एका अंगाला बसलीय. बघणारे काय म्हणतील?"

"म्हणतील, नणंदेला शिवता येत नाही," आई म्हणायची आणि दुसरा पायही वर घ्यायची.

मला ती टाचणी म्हणायची. बारीक, आणि दिसत नाही पण असते, म्हणून. दुसरं कुणी मला त्या नावाने हाक मारत नाही.

२

आई गेली त्याला आता दीड वर्ष होईल. तिच्यामागोमाग दोन महिन्यांत आमच्या जुन्या गाडीनेही मान टाकली. गाडी भंगारात देण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी त्या एका सीटचं कव्हर उसवलं, आतला फोम काढला, गोणीत घातला आणि माळ्यावर ठेवला. कुणाशी काही बोलले नाहीत.

माळ्याचा आमच्याकडे एक नियम आहे. वापरायचा फोम असेल तर गोणीवर निळ्या खडूची फुली, टाकायचा असेल तर पांढरी, आणि कुणाचा राखून ठेवलेला असेल तर त्याचं नाव. बाबांनी त्या गोणीवर काहीच लिहिलं नाही. काय लिहिणार होते?

मग पावसाळी हवेत बाबा तापाने आठवडाभर पडून होते, आणि नेमकी तेव्हाच जुन्या गाड्या विकणाऱ्या व्यापाऱ्याची एक गाडी आली. दोन दारांची, बंद टपाची कूपे. ड्रायव्हरशेजारच्या सीटची गादी उंदरांनी खाल्लेली. दुसऱ्या दिवशी गाडी परत द्यायची होती आणि त्या मापाचा फोम दुकानात नव्हता. आत्या माळ्यावर चढली. बिनखुणेच्या एका गोणीत तिला चांगल्या जातीचा फोम मिळाला. एका अंगाला बसलेला होता, पण त्याला उपाय असतो. बसलेल्या फोमला वाफ दिली की तो फुगून वर येतो. तिने वाफेची इस्त्री फिरवली, खळगा भरून आला, कोपरे छाटले, कव्हर चढवलं. गाडी गेली.

तिला ओळखू आलं नाही, यावर माझा आधी विश्वास बसेना. "घाईत होते," ती म्हणाली. मशीन चालू होतं. "आणि तुझी आई नसताना तिची गादी कुठे असेल, असा विचारच डोक्यात नव्हता. ती होती तेव्हा गादी होती, बस्स."

संध्याकाळी घडी करायला तिने गोणी झटकली, तेव्हा आतून केसांचा चाप पडला. तपकिरी, एक दात तुटलेला.

त्या दिवशी आत्या जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग तिने दुसरा एक फोम त्या गोणीत भरला आणि गोणी होती तिथे ठेवली. बाबा बरे होऊन दुकानात आले. कधी कधी काम करता करता ते माळ्याच्या शिडीवर चढायचे, गोणीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे आणि उतरायचे. आत्या तेव्हा मशीन जोरात चालवायची.

३

"आपल्याला गाडी घ्यायला हवी," बाबा एकदा जेवताना म्हणाले. "लोकांच्या गाड्यांत आपण किती दिवस बसायचं?"

आमच्या ऐपतीची गाडी मिळणार ती त्याच व्यापाऱ्याकडे. त्याला आम्ही पाठीमागे पॉलिशकाका म्हणतो, कारण त्याच्याकडे टायरसुद्धा चमकतात. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या दिवशी दोनच लहान गाड्या होत्या. एक ती कूपे. आत्याला वाटलं, देव मानत असते तर आज नारळ फोडला असता. दादाने ही गाडी घेतली की गादी आपोआप घरी येईल. कुणाला काही सांगायला नको, कुणाचं मन मोडायला नको.

"ही बघा कूपे," पॉलिशकाका म्हणाला. "टप पक्का. धूळ नाही, पाणी नाही, आवाज नाही. दार लावलंत की जगाशी संबंध संपला. आणि ही कन्व्हर्टिबल. वयाने मोठी आहे, पण हौशी माणसाची गाडी. टप कापडाचा, हाताने उघडायचा. इथे काचेच्या वर दोन खिट्ट्या आहेत, एक ड्रायव्हरकडे, एक शेजारच्याकडे. दोन्ही काढायच्या आणि दोघांनी मिळून टप मागे ढकलायचा. एकट्यादुकट्याचं काम नाही."

"एकटा असेल त्याने काय करायचं?" बाबांनी विचारलं.

पॉलिशकाकाने फडकं काढून विनाकारण आरसा पुसला.

बाबा कन्व्हर्टिबलच्या टपाला हात लावून उभे राहिले. आत्याने इकडे कूपेचं दार उघडलं आणि सवयीने गादीवरून तळवा फिरवला.

तळवा दाराच्या बाजूला खाली गेला.

तिने पुन्हा फिरवला. गादी एका अंगाला बसलेली होती. खळगा तोच, तेवढाच, कडेला गुडघ्याची टोकदार खूणही तीच. तिने स्वतःच्या हाताने वाफ देऊन घालवलेला.

आत्या घाबरट नाही. तिने आधी कारण शोधलं. जुना फोम वाफेने उठतो आणि वजन पडलं की पुन्हा जुन्या खुणेवर बसतो, हे तिला माहीत होतं. म्हणजे वजन पडलेलं असणार.

"या गाडीत कोण बसलं होतं?" तिने विचारलं.

"कोण बसणार? तुमच्याकडून आणली तेव्हापासून कुलूप आहे. चाकंसुद्धा हलवलेली नाहीत."

"गिऱ्हाईक? बघायला आलेलं?"

"ताई, तीन महिन्यांत या गाडीचं दार आज पहिल्यांदा उघडलं. बोहनी तुमच्या हातची."

४

चार दिवसांनी आत्या मला घेऊन पुन्हा तिथे गेली. कन्व्हर्टिबलच्या टपाची मापं घ्यायची आहेत, असं पॉलिशकाकाला सांगितलं. भर दुपार होती, पण शेडमध्ये गारवा होता. पॉलिशकाका डबा खायला ऑफिसात गेला आणि जाताना दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या देऊन गेला.

आत्याने मापाची फीत माझ्या हातात दिली आणि कूपेकडे गेली. काचेतून आत पाहिलं. खळगा होता. किल्ली फिरवली, दार उघडलं.

दार उघडताच गादी वर आली. भसकन नाही. सावकाश, कुरकुर न करता, जसा फोम माणूस उठल्यावर वर येतो तशी. आपण खोलीत शिरल्यावर कुणी जरा सरकून जागा करून द्यावी, तशी.

आत्याने तळवा ठेवला. दाराकडची बाजू कोमट होती. तिने ड्रायव्हरच्या गादीला हात लावला. ती थंडगार.

"ऊन कुठून येतंय का बघ गं," ती मला म्हणाली.

मी पाहिलं. पत्र्याला भोक नव्हतं. मी मान हलवली.

तिने दार लावलं. आम्ही दोघी काचेशी उभ्या राहिलो. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग शिवणीची एक ओळ जरा ओढली गेली, कव्हरवर दोन बारीक सुरकुत्या पडल्या आणि गादीची ती बाजू हळूहळू खाली गेली. इतकी हळू की पापणी लवली तर चुकावी.

"दिसलं?" आत्याने विचारलं. तिचा आवाज माझ्या वर्गातल्या मुलींसारखा झाला होता.

"नाही," मी म्हणाले.

मला दिसलं होतं. पण आत्याने पिशवीतली कात्री काढून मुठीत घट्ट धरली होती. परत येताना ती म्हणाली, "फोमचं काही सांगता येत नाही. आत हवा कोंडली असेल." मी हो म्हटलं. पुढच्या वळणावर तीच म्हणाली, "हवेला गुडघा असतो होय गं?"

५

त्या आठवड्यात घरात फक्त दोनच विषय होते: कूपे आणि कन्व्हर्टिबल. आत्या त्यांना बंद आणि उघडी म्हणायची.

"दादा, बंद घे. माझं ऐक. कापडी टप म्हणजे दर दोन वर्षांनी शिवण उसवते."

"मग बरंच आहे की. शिंपीण घरचीच आहे."

"थंडीत वारा शिरतो."

"शाल घे."

"चोर टप फाडून आत शिरतात."

"आपल्या गाडीत चोराला काय मिळणार? तुझा मोजपट्ट्यांचा डबा?" बाबा हसले. हल्ली ते हसले की आम्ही दोघी जेवणं थांबवून बघतो. मग ते ताटाकडे बघत म्हणाले, "तिला हौस होती गं. सिग्नलला अशी उघडी गाडी शेजारी आली की चाप काढायची केसांचा. 'एकदा आपल्यालाही अशी घ्या,' म्हणायची. 'माझे केस उडू देत.' आपल्या टपाखाली बसून केस मोकळे सोडायची वेडी. म्हणायची, सराव करतेय."

आत्याने हातातला घास ताटात परत ठेवला. तो चाप तिच्या शिवणाच्या खणात होता.

आता तिची अशी कोंडी झाली: दादा वहिनीसाठी उघडी गाडी घेणार, आणि वहिनीची गादी बंद गाडीत राहून कुणा परक्याच्या घरी जाणार. पॉलिशकाकाने सांगितलंच होतं, की कूपेला एक गिऱ्हाईक लागलं आहे आणि ते शनिवारी येणार आहे. खरं सांगितलं तर दादाला कळणार, की जी वस्तू त्याने जपून ठेवली ती बहिणीने विकली, आणि वर गोणीत खोटी गादी भरली. नाही सांगितलं तर शनिवारी सगळं संपणार.

आणि तिसरी गोष्ट होती, जी ती मशीन चालू असतानाही अर्धीच बोलली. "गादी परक्याकडे जाईल याचं एवढं नाही गं. पण तिच्याबरोबर..." मग तिने दोरा तोडला.

६

शुक्रवारी दुपारी माझी शाळा बुडवून आम्ही तिघं दोन्ही गाड्या चालवून बघायला गेलो. बाबा म्हणाले, "तुझ्या समाधानासाठी आधी बंद."

"तू पुढे बस ना," ते आत्याला म्हणाले.

"नको. मी मागे बसते, पोरीला सोबत."

कूपेत मागे शिरायला पुढची सीट वाकवावी लागते. आत्याने सीट पुढे वाकवली, आम्ही आत सरकलो, आणि तिने सीट सरळ करताना अगदी हलक्या आवाजात "सॉरी हं" म्हटलं. माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही.

बाबांनी किल्ली फिरवली. टिंग. टिंग. टिंग.

"शेजारच्या बेल्टचा आवाज आहे," पॉलिशकाका खिडकीतून म्हणाला. "सीटखाली सेन्सर असतो. वजन पडलं आणि बेल्ट लावला नाही की वाजतो. सीटवर कुणी नाही तरी वाजतोय म्हणजे गादी बदलताना वायर दबली असणार." त्याने आत्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. "करून देऊ नीट. या फिरून."

आम्ही निघालो. शेडच्या फाटकातून बाहेर, मग दुकानांची रांग, मग मोठा रस्ता. टिंग. टिंग. टिंग. कूपेत खरंच बाहेरचा आवाज येत नाही. त्यामुळे तो एकच आवाज होता आणि तो कानाशी नाही, छातीत वाजत होता.

आई बेल्ट आपणहून कधी लावायची नाही. रोज बाबांनी सांगायचं आणि मगच तिने लावायचा, असा त्या दोघांचा काही तरी खेळ होता.

चौकात गाडी थांबली. बाबा समोर बघत होते. दुसऱ्याच विचारात होते, त्यांच्या मानेवरून कळत होतं. आणि त्याच तंद्रीत, मान न वळवता, नेहमीच्या आवाजात ते म्हणाले,

"अगं, बेल्ट."

आवाज थांबला.

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. बाबांनी गाडी हलवली, पण त्यांचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. आत्याने माझा हात धरला. तिच्या जागेवरून तिला पुढच्या सीटची फक्त मागची बाजू दिसत होती, आणि सीट व दार यांच्यामधली एक चिंचोळी फट. त्या फटीतून बेल्टचा पट्टा दिसत होता.

तो सैल लोंबत नव्हता. ताणलेला होता. आणि अगदी थोडा पुढे येत होता, मागे जात होता. पुढे येत होता, मागे जात होता.

गाडीच्या हादऱ्यांनी असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण बाबा खड्डे चुकवत होते. नवशिक्यासारखे, सावकाश, जसं झोपलेलं माणूस शेजारी असलं की चालवतात तसे. आणि पट्टा त्याच संथ लयीत हलत राहिला.

नाव देता येईल असं तिने एवढंच पाहिलं. बाकीचं मला विचारू नका. ती सांगत नाही.

७

माझ्या शाळेच्या मागच्या भिंतीशी बाबांनी गाडी थांबवली आणि इंजीन बंद केलं. शाळा सुटायची होती. भिंतीपलीकडे कुणीतरी पाढे म्हणत होतं.

"दादा," आत्या म्हणाली. "मला काही सांगायचंय."

"सांग."

तिने सांगितलं. ताप, उंदीर, गोणी, वाफेची इस्त्री, चाप, सगळं. मशीन चालू नव्हतं, पहिल्यांदाच. शेवटी म्हणाली, "तिचा खळगा मी माझ्या हाताने बुजवला रे. आणि तुला रोज खोट्या गोणीवर हात ठेवताना बघत बसले."

बाबांनी किल्लीवरचा हात काढला. मग म्हणाले, "खोटी आहे ते मला माहीत होतं."

"काय?"

"सीटवाला आहे मी. ताप उतरल्यावर पहिल्यांदा गोणीला हात लावला तेव्हाच कळलं, आत दुसरा माल आहे. वाटलं, तू चुकून कचऱ्यात टाकलीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तू दोन दिवस जेवली नव्हतीस. मी तापात होतो, आंधळा नव्हतो." त्यांनी नाक पुसलं. "म्हटलं, गादी तर गेली. आता बहिणीला कशाला घालवू?"

"आणि तरी गोणीवर हात ठेवायला जायचास?"

"गेलो नसतो तर तुला कळलं असतं ना, मला कळलंय म्हणून."

आत्या हसली आणि रडली, दोन्ही एकदम, आणि मागच्या सीटला एवढी जागा नव्हती की मला तोंड फिरवता येईल.

"वेडे आहात दोघं," ती कुणाला तरी म्हणाली. बाबा आणि मी, की बाबा आणि आणखी कुणी, ते मला कळलं नाही. मग डोळे पुसून तिने विचारलं, "मग हीच घ्यायची ना?"

बाबांनी पहिल्यांदाच शेजारच्या सीटकडे पाहिलं. आम्हाला त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. ते कितीतरी वेळ बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "तिला बंद गाडीत कोंडून ठेवायचं नाही. उघडी घेऊ. गादी तिच्यात बसवू. पॉलिशला या गाडीसाठी नवीन शिवून देऊ."

"आणि टप उघडला," आत्या म्हणाली, "की मग? वाऱ्याबरोबर..."

बाबांनी किल्ली फिरवली. या वेळी आवाज आला नाही.

८

पॉलिशकाकाला काय, नवीन गादी फुकट मिळत होती. त्याने शनिवारच्या गिऱ्हाइकाला पुढची तारीख दिली आणि कूपेची सीट काढून दिली. आत्याने दुकानात तिचं कव्हर उसवलं तेव्हा आम्ही तिघं टेबलाभोवती उभे होतो. खळगा होता. तिने वाफेची इस्त्री उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली, वर तिची वायर गुंडाळली.

मग बाबांच्या हातात निळा खडू दिला. "लिही. या वेळी तरी."

बाबांनी गादीच्या खालच्या बाजूला लिहिलं. काय लिहिलं ते मी सांगणार नाही. तेवढं तरी.

कन्व्हर्टिबल जुनी आहे, तिच्यात सेन्सर नाही. त्यामुळे टिंग वाजत नाही आणि काही कळत नाही. दुकानात उभ्या गाडीच्या काचेतून मी बघते. गादी एका अंगाला बसलेली असते, पण ती आता कुणी सरळ केलेलीच नाही. हात लावून कोमट आहे का ते बघायची हिंमत होत नाही. कोमट नसली तर काय, याची जास्त भीती वाटते.

बाजाराला जाताना आत्या आणि मी मागे बसतो. पुढची सीट रिकामी असते, असं बघणाऱ्याला वाटतं. बाबा दर वेळी म्हणतात, "अगं, बेल्ट," आणि मग स्वतःच हात लांब करून तो लावतात.

टप मात्र आम्ही उघडलेला नाही. तीन आठवडे झाले. रोज सकाळी बाबा विचारतात, "आज?" आणि आत्या म्हणते, "आज धूळ आहे." कधी "आज ढग आहेत." काल आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. आत्या म्हणाली, "आज फार ऊन आहे."

"तू घाबरतेस," बाबा म्हणाले.

"तू नाही घाबरत?"

"मी तर विचारतोच आहे, उघडत कुठे आहे?"

ज्याच्यासाठी उघडी गाडी घेतली, ते उघडल्यावरच जाईल की काय, या धाकाने आम्ही उघडी गाडी बंद करून ठेवली आहे. हसू येतं आणि येत नाही.

९

हे लिहिते आहे ती रविवारची सकाळ आहे. बाबा नवीन गादी घेऊन पॉलिशकाकाकडे गेले आहेत, त्याच्याच टेम्पोतून. आमची गाडी खाली दुकानात आहे. तिची किल्ली माझ्यासमोर खिळ्याला आहे. आत्या खिडकीशी बसून माझ्या शाळेच्या सदऱ्याला बटण लावते आहे.

मघाशी खालून आवाज आला. खट्.

"मांजर," आत्या म्हणाली. दोन टाके घातले. मग म्हणाली, "मांजर खिट्टी काढत नाही."

मी लिहायचं थांबले नाही. थांबले तर उठावं लागेल.

एकच खट्. दुसरा आलाच नाही. आम्ही दोघीही त्याची वाट बघत होतो, हे आम्हाला एकमेकींकडे न बघता कळत होतं. शेजारच्या सीटवरून हात एकाच खिट्टीपर्यंत पोहोचतो. दुसरी ड्रायव्हरकडे आहे.

"दादाला येऊ दे," आत्या म्हणाली. माझ्याशी नाही, जमिनीकडे बघून. "येईलच आता. जरा थांब."

खाली शांत झालं. रस्त्यावरून एक सायकल गेली. मला वाटलं, आईने ऐकलं. मला वाटलं, आत्याचं कारण तिलाही पटलं, धूळ, ढग, ऊन, दादा, आणि आता ती पुन्हा पाय दुमडून बसली असेल.

आणि मग हाक आली. मोठी नाही. दुकानातून जेवायला बोलवावं तशी, शेवटचं अक्षर जरा लांबवून.

"टाचणीऽ"

आत्याची सुई सदऱ्यातच राहिली आहे. ती माझ्याकडे बघते आहे. तिने खण उघडला, तपकिरी चाप बाहेर काढला, हातात धरला, आणि परत आत ठेवला. नको, तो नकोच आज.

"तुझ्या आईला वाट बघायला कधी जमलंय?" ती म्हणते आहे. तिचे डोळे भरले आहेत आणि ती हसते आहे. "जा. ड्रायव्हरच्या बाजूची खिट्टी घट्ट आहे, अंगठ्याने दाब. मी आलेच पाठोपाठ."

पुन्हा हाक. या वेळी जरा घाईची.

जाते. वही उघडीच ठेवते, आल्यावर पुरं करेन. फक्त एवढंच लिहायचं राहिलं, की जिन्यावरून खाली वाऱ्याचा आवाज येतो आहे, आणि मला भीती